‘माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स’ला रहस्यकथा म्हणून दाद मिळाली का?

रहस्यवेडा (मूळ प्रश्न)

एमिल फेरिस यांच्या ‘माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स’ या ग्राफिक कादंबरीचे दोन्ही खंड नुकतेच वाचून संपवले आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथेचा आराखडा सांगतो. शेवट फोडणार नाही आणि उत्तर देणाऱ्यांनीही तो फोडू नये, ही विनंती.

काळ १९६८ सालचा आणि शहर शिकागो. दहा वर्षांची कॅरेन रेयेस आई आणि थोरला भाऊ डीझ यांच्याबरोबर अपटाउन भागातल्या एका इमारतीच्या तळघरात राहते. तिला भयपटांचे आणि राक्षसांच्या स्वस्त मासिकांचे विलक्षण वेड आहे, आणि आपल्या वहीत ती स्वतःचे चित्र नेहमी सुळे बाहेर आलेल्या मानवी लांडग्याच्या रूपात काढते. संपूर्ण कादंबरी म्हणजे तिची ही वहीच आहे. वरच्या मजल्यावर राहणारी आंका सिल्व्हरबर्ग, जी नाझींच्या छळातून वाचून अमेरिकेत आलेली आहे, व्हॅलेंटाइन दिनी छातीत गोळी लागून मरण पावते. पोलीस ती आत्महत्या ठरवून मोकळे होतात. कॅरेनला ते पटत नाही, आणि भावाचा लांब कोट आणि हॅट चढवून ती तपासाला लागते.

इथपर्यंत सगळे अस्सल रहस्यकथेच्या रीतीने चालते. आंकाचा जाझ ड्रमवादक नवरा सॅम, गुंडगिरीत मुरलेला ग्रोनन आणि त्याची बायको, शब्दभ्रमाचे खेळ करणारा शेजारी चग, आणि ज्याच्यावर संशय घेण्याचीही कॅरेनला भीती वाटते तो तिचा सख्खा भाऊ, अशी संशयितांची रांग लेखिका उभी करते. त्यानंतर मात्र आंकाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या फिती सुरू होतात, कथा दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बर्लिनमध्ये जाते, आणि शिकागोतला खून कितीतरी पाने मागे पडतो. पुढे आईचे आजारपण येते, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या येते, कॅरेनला स्वतःविषयी होणारी जाणीव येते. खुनाचा धागा अधूनमधून वर डोकावतो आणि पुन्हा दिसेनासा होतो.

या पुस्तकावर पुरस्कारांचा अक्षरशः वर्षाव झाला, हे मला ठाऊक आहे. माझा प्रश्न असा की, हे स्वागत रहस्यकथेचे होते, की रहस्य हे केवळ प्रवेशद्वार होते आणि आत शिरल्यावर समीक्षकांनी दुसऱ्याच गोष्टींना दाद दिली? वाचकाला धागेदोरे दाखवायचे आणि शेवटी त्यांचा हिशेब चुकता करायचा, हा रहस्यकथेचा अलिखित करार आहे असे मी मानतो. तो करार या पुस्तकाने कितपत पाळला आणि परीक्षकांनी त्याकडे लक्ष तरी दिले का, याविषयी इथल्या जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

छापील शाई

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर बरेचसे पुरस्कारांच्या स्वरूपातच दडलेले आहे, कारण हे पुरस्कार कोणी दिले आणि कशासाठी दिले हे पाहिले की चित्र स्वच्छ होते. पण त्याआधी पुस्तकाचा छपाईपर्यंतचा प्रवास सांगायला हवा, कारण स्वागतावर त्याचाही मोठा परिणाम झाला.

फेरिस यांचा जन्म १९६२ सालचा, शिकागोतलाच. चित्रकार आणि खेळण्यांच्या आरेखक म्हणून त्या काम करत होत्या. वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर डास चावून त्यांना वेस्ट नाइल विषाणूचा संसर्ग झाला, कमरेखालचा भाग लुळा पडला आणि चित्र काढायच्या हातावरचाही ताबा गेला. हाताला चिकटपट्टीने पेन बांधून त्या पुन्हा रेषा ओढायला शिकल्या, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत त्यांनी प्रवेश घेतला आणि त्याच काळात या पुस्तकाचे बीज रुजले. तयार झालेले हस्तलिखित ४८ प्रकाशकांनी नाकारले. शेवटी सिअॅटलच्या फँटाग्राफिक्सने ते स्वीकारले. १९७६ साली सुरू झालेली ही संस्था अमेरिकेतल्या स्वतंत्र कॉमिक्सचा कणा मानली जाते, आणि बड्या सुपरहिरो कंपन्यांच्या चौकटीत न बसणारी कामे छापण्यासाठीच ती ओळखली जाते.

पुस्तक ऑक्टोबर २०१६ मध्ये यायचे होते. पण प्रती वाहून नेणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, जहाज पनामा कालव्यापाशी अडकले आणि पहिल्या आवृत्तीच्या १०,००० प्रती त्याच्या पोटात राहिल्या. त्यामुळे प्रकाशन फेब्रुवारी २०१७ पर्यंत पुढे गेले. एखाद्या छोट्या प्रकाशकाला असा फटका जिवावर बेतू शकतो. या वेळी उलटेच घडले. वाट पाहण्याच्या काळात आगाऊ प्रतींवरून पुस्तकाची चर्चा पसरत गेली आणि दुकानात आल्यावर पहिली आवृत्ती झपाट्याने संपली. पुलित्झर पारितोषिक मिळवणारे चित्रकथाकार आर्ट स्पीगलमन यांनी फेरिस यांना आजच्या काळातल्या सर्वांत महत्त्वाच्या चित्रकथाकारांमध्ये गणले, आणि एरवी कॉमिक्सच्या वाटेला फारसे न जाणारे साहित्यसमीक्षकही त्यामुळे या जाडजूड पुस्तकाकडे वळले.

आता पुरस्कारांकडे येते. २०१७ साली इग्नाट्झ पुरस्कारांत उत्कृष्ट कलावंत आणि उत्कृष्ट ग्राफिक कादंबरी असे दोन सन्मान मिळाले. हे पुरस्कार स्वतंत्र आणि छोट्या प्रकाशनांसाठीच असतात. नामांकने कलावंतांची समिती करते आणि तेव्हा मतदान ‘स्मॉल प्रेस एक्स्पो’ या कॉमिक्स महोत्सवाला आलेले प्रेक्षक करत. म्हणजे ही दाद थेट वाचकांची होती. २०१८ साली अमेरिकन कॉमिक्समधल्या मानाच्या आयझनर पुरस्कारांत नवी ग्राफिक कादंबरी, लेखक-चित्रकार आणि रंगयोजना असे तीन सन्मान मिळाले, आणि तिथे मत देणारी मंडळी व्यवसायातलीच असतात. त्याच वर्षी लॅम्डा साहित्य पुरस्कार मिळाला, तो समलिंगी आणि तत्सम जीवनानुभवांच्या लेखनासाठी असतो. ह्यूगोच्या अंतिम यादीतही पुस्तक होते, आणि तो पुरस्कार विज्ञानकथा व अद्भुतकथांचा. २०१९ साली फ्रान्समधल्या आंगुलेम चित्रकथा महोत्सवात फ्रेंच अनुवादाला सर्वोच्च ‘फोव्ह दोर’ मिळाला. तो अनुवादही फ्रान्समधल्या एका छोट्या स्वतंत्र प्रकाशकानेच काढला होता, हे मला विशेष वाटते.

आता गंमत पाहा. आंगुलेममध्ये गुन्हेगारी आणि रहस्यकथांवरच्या चित्रकथांसाठी वेगळे पारितोषिक असते, आणि त्या वर्षी ते दुसऱ्या पुस्तकाकडे गेले. म्हणजे कलावंत, व्यावसायिक, वाचक, अद्भुतकथेचे चाहते अशा सगळ्यांनी या पुस्तकाला आपले म्हटले; केवळ रहस्यकथेसाठी असलेला पुरस्कार यात नाही. तुमची शंका त्या अर्थाने बरोबर आहे, पण याला मी दोष म्हणणार नाही. ज्या पुस्तकात इतके प्रकार एकत्र नांदतात त्याचा मान रहस्याच्या खात्यावरच जमा व्हावा, अशी अपेक्षा का ठेवावी?

रेषेवर

वरच्या उत्तरातली माहिती उपयुक्त आहे, परंतु ‘रहस्य हे केवळ प्रवेशद्वार’ हे मूळ प्रश्नातले गृहीतक मला मान्य नाही. माझ्या मते या पुस्तकात रहस्य शेवटपर्यंत चालते, फक्त ते शब्दांपेक्षा चित्रांत अधिक चालते, आणि बहुतेक परीक्षणे कथानकाचा सारांश सांगून पुढे जात असल्याने ते त्यांच्यातून निसटते.

एक पान घेऊन सांगतो, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही. पानाच्या कडेला वहीची तारेची गुंडाळी काढलेली असते, कागदावर निळ्या आडव्या ओळी असतात, समासाजवळ भोके असतात. आणि या ओळींची अजिबात पर्वा न करता त्यांच्यावरून एक मोठा चेहरा पसरलेला असतो. तो बॉलपेनाच्या आडव्यातिडव्या, एकमेकींना छेदणाऱ्या हजारो बारीक रेघांनी घडवलेला. जवळून पाहिले तर गालावरची सावली म्हणजे निळ्या, हिरव्या आणि लाल शाईच्या रेघांचे जाळे आहे हे कळते. त्या चेहऱ्याच्या भोवती, केसांच्या बाजूने, हनुवटीखाली, जिथे जागा सापडेल तिथे कॅरेनचा मजकूर वळणे घेत जातो. नेहमीच्या कॉमिक्ससारख्या चौकटी क्वचितच असतात. कोणत्या क्रमाने वाचायचे हे दर पानावर वाचकाला स्वतः ठरवावे लागते, आणि त्यामुळे डोळा आपोआप कोपऱ्यांत, मागच्या भिंतींवर, पात्रांच्या हातांकडे जातो.

तपास करणाऱ्याचे कामही हेच असते. कथेत डीझ आपल्या बहिणीला शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये घेऊन जातो आणि चित्र कसे पाहायचे ते शिकवतो. कॅरेन तिथली जुनी तैलचित्रे वहीत उतरवून घेते, त्यांत जणू शिरते, त्यांतल्या दुय्यम आकृत्यांशी बोलते. पुष्कळ समीक्षकांनी या प्रसंगांना कलाप्रेमाची सुंदर विषयांतरे म्हटले आहे. मला मात्र तो तपासाचाच धडा वाटतो, कारण चित्राच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या घटनेवरून नजर हटवून कडेला काय चालले आहे ते पाहण्याची सवय तिला तिथे लागते, आणि नंतर आंकाच्या घरात ती हीच सवय वापरते. शिकवणारा डीझ आहे आणि संशयितही डीझच आहे, हे लक्षात घेतले की या प्रसंगांचा ताण वेगळाच जाणवतो.

मासिकांची मुखपृष्ठे हा दुसरा पुरावा. मधूनमधून पूर्ण पानभर भयमासिकांची मुखपृष्ठे येतात, तीही कॅरेनने हाताने काढलेली. पहिल्या वाचनात ती प्रकरणांमधल्या विश्रांतीसारखी वाटतात. दुसऱ्यांदा वाचताना त्यांच्यातले राक्षस आणि त्यांच्या तावडीत सापडलेली माणसे ही आसपासच्या घटनांवरची कॅरेनची मूक टिप्पणी आहे, हे उमगते. जे ती शब्दांत लिहायला धजत नाही ते तिथे काढते.

करार पाळला का, या प्रश्नावर माझे म्हणणे असे की धागेदोरे दाखवण्याचा भाग लेखिकेने सढळ हाताने पार पाडला आहे. हिशेब चुकता करण्याच्या भागावर मतभेद होऊ शकतात, आणि त्यावर इतरांनी लिहावे.

शंकासुर

मग मीच लिहितो. मला हे पुस्तक आवडते, परंतु त्याच्या स्वागताविषयी एक साधी गोष्ट वरच्या दोन्ही उत्तरांत राहून गेली आहे. पहिला खंड २०१७ साली आला आणि दुसरा २०२४ च्या मे महिन्यात. इग्नाट्झ, आयझनर, लॅम्डा, आंगुलेम हे ज्या पुरस्कारांचे कौतुक आपण करत आहोत ते सगळे २०१९ पर्यंत दिले गेले होते. म्हणजे ज्या वेळी हे पुस्तक डोक्यावर घेतले गेले त्या वेळी त्याच्या रहस्याचा उत्तरार्ध कोणीही वाचलेला नव्हता! रहस्यकथेची परीक्षा तिच्या उकलीत असते, आणि इथे परीक्षकांच्या हाती केवळ प्रश्नपत्रिका होती. तेव्हा ‘रहस्यकथा म्हणून दाद मिळाली का’ याचे प्रामाणिक उत्तर असे की तशी दाद देणे त्या वेळी कोणालाही शक्यच नव्हते. दाद मिळाली ती रहस्य उभे करण्याच्या कसबाला. ते कसब थोर आहे यात वाद नाही, पण ते अर्धेच काम झाले.

सात वर्षांच्या अंतराने आणखी एक नुकसान केले. रहस्यकथेत वाचकाची स्मरणशक्ती हाही लेखकाच्या साधनांपैकी एक भाग असतो. एखाद्या पात्राने चाळीस पानांपूर्वी हात कुठे ठेवला होता, हे आठवत असेल तरच पुढचा धक्का बसतो. पहिला खंड फार गुंतागुंतीच्या वळणावर, एका अशा गौप्यस्फोटापाशी थांबतो की पुढचे पान ताबडतोब उलटावेसे वाटते. ते पान सात वर्षांनी मिळाले. दुसरा खंड आला तेव्हा बहुतेकांना संशयितांची नावेसुद्धा पुन्हा चाळून घ्यावी लागली असतील. फेरिस यांची काम करण्याची पद्धत पाहता एवढा वेळ लागणे अगदी समजण्यासारखे आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्वागताचा प्रश्न असल्याने परिणाम सांगितला, इतकेच.

दुसरा मुद्दा थोडा नाजूक आहे. डासाचा चावा, लुळे पडलेले शरीर, हाताला बांधलेले पेन, ४८ नकार, पनामात अडकलेले जहाज: ही कथा इतकी विलक्षण आहे की तिने पुस्तकाच्या कथेवर मात केली. पहिल्या खंडावरचे बहुतेक लेख उघडून पाहा, सुरुवात याच हकिगतीने होते आणि आंकाच्या खुनाला एखादा परिच्छेद मिळतो. यात लेखिकेचा दोष काहीच नाही, आणि छोट्या प्रकाशकाकडे जाहिरातीचा पैसा नसताना अशी हकिगत हीच त्याची जाहिरात ठरते हेही खरे आहे. पण त्यामुळे कथानकाची चिकित्सा बाजूला राहिली. मजकुराची दाटी, काही उपकथानकांचे अर्धवट सुटणे, डझनभर पात्रांपैकी काहींचे केवळ चेहरा म्हणून येऊन जाणे, यांवर मोकळेपणाने लिहिणारे थोडेच होते.

तुलनेसाठी निक ड्रनासो यांची ‘सब्रिना’ घ्या. तीही एका स्वतंत्र प्रकाशकाची, माँट्रियलच्या ड्रॉन अँड क्वार्टर्लीची, २०१८ साली आलेली. तिथेही एक स्त्री नाहीशी होण्यापासून सुरुवात होते आणि तिथेही लेखकाला उकलीत फारसा रस नाही. त्या घटनेनंतर इंटरनेटवर पसरणाऱ्या कटकारस्थानांच्या अफवा मागे राहिलेल्या माणसांना कशा पोखरतात, हा त्याचा विषय आहे. मॅन बुकर पुरस्काराच्या लांब यादीत आलेली ती पहिली ग्राफिक कादंबरी, आणि तिचे स्वागत फेरिस यांच्याइतकेच मोठे झाले. पण ‘सब्रिना’ आपले इरादे लवकर उघड करते. सपाट रंग, जवळजवळ भावशून्य चेहरे, समान चौकटी. हे तपासाचे पुस्तक नाही हे वाचकाला पहिल्या काही पानांतच कळून चुकते. फेरिस मात्र कॅरेनला गुप्तहेराचा कोट चढवतात, संशयितांची ओळख करून देतात, आणि मग त्या वाटेवरून बाजूला होतात. अपेक्षा त्यांनी स्वतःच निर्माण केली आहे, म्हणून त्यांना जाब विचारण्याचा अधिकार रहस्यवेडा यांना आहे.

छापील शाई

शंकासुर यांचा तारखांचा मुद्दा बिनतोड आहे. तो मान्य करून त्याला एक पुरवणी जोडते.

उत्तरार्ध वाचलेला नसताना पुरस्कार दिले गेले हे खरे. पण चित्रकथांच्या जगात हे नवलाचे नाही. तिथे दीर्घ कामे हप्त्याहप्त्याने, वर्षानुवर्षे प्रसिद्ध होण्याची परंपरा आहे आणि परीक्षक समोर असलेल्या खंडाचाच विचार करतात. गद्य रहस्यकथेचा वाचक जेव्हा या प्रांतात येतो तेव्हा त्याला हे अन्यायाचे वाटते, कारण त्याच्या सवयीत पुस्तक म्हणजे पहिल्या पानापासून उकलीपर्यंतचा सलग प्रवास. स्वागतातला हा गोंधळ बराचसा दोन वाचकवर्गांच्या सवयींमधला आहे. साहित्यसमीक्षकांनी याला कादंबरी म्हणून वाचले, कॉमिक्सवाल्यांनी खंड म्हणून.

दुसऱ्या खंडाबद्दल म्हणाल, तर २०२४ मध्ये स्वागत पुन्हा आदराचेच झाले, पण त्यात २०१७ चा अचंबा नव्हता, आणि तो असणे शक्यही नव्हते. बॉलपेनाने घडवलेले शेकडो पानांचे असे जग पहिल्यांदा पाहण्याचा धक्का एकदाच बसतो. त्या खंडात १९६८ च्या उन्हाळ्यातले डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळचे शिकागो येते, रस्त्यावरची आंदोलने आणि पोलिसांची लाठी येते. कॅरेन पहिल्या खंडात भयपटांत दिसणाऱ्या, खेड्यातल्या चिडलेल्या जमावाची भीती बाळगते, क्षुद्र, सामान्य आणि कंटाळवाण्या माणसांचा जमाव अशी तिची त्याची व्याख्या आहे. दुसऱ्या खंडात तो जमाव गणवेश घालून येतो. ही जोडणी मला फार समर्थ वाटली. खुनाच्या उकलीबाबत मात्र मीही शंकासुर यांच्या बाजूला झुकते. उत्तरे मिळतात, पण काही उत्तरे इतकी हळू आवाजात दिली आहेत की ती दिली गेली हेच काही वाचकांच्या लक्षात येत नाही.

रहस्यवेडा

सर्वांचे मनापासून आभार. तारखांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता आणि त्याने माझ्या प्रश्नाची धार बरीच बदलली. आता परीक्षकांवरचा राग निवळला आहे, लेखिकेवरचा थोडासा शिल्लक आहे. रेषेवर यांना एक विचारायचे आहे. पुरावे चित्रांत आहेत असे आपण म्हणता, पण चित्रे काढणारी कॅरेन स्वतःच दहा वर्षांची आहे, स्वतःला लांडगा समजते आणि भावावर जीव टाकते. मग तिने काढलेल्या चित्रांना पुरावा मानायचे तरी कसे? ती खोटे काढत असेल तर?

रेषेवर

हा प्रश्न मला मूळ प्रश्नापेक्षाही मोलाचा वाटतो, कारण माझ्या मते पुस्तकाचे खरे रहस्य इथेच आहे. कॅरेन खोटे काढत नाही. तिला जे दिसणे सोसत नाही ते ती दुसऱ्या रूपात काढते. स्वतःला ती संपूर्ण पुस्तकभर लांडगा म्हणून काढते, आणि एका आरशासमोरच्या प्रसंगात मात्र डीझ तिला स्वतःकडे बघायला लावतो तेव्हा कागदावर एका साध्या मुलीचा चेहरा उमटतो. त्या एका पानावरून वाचकाला मोजपट्टी मिळते. राक्षसाचे रूप हा तिचा बचाव आहे आणि तो बचाव कधी गळून पडतो हे पाहता येते. मग हीच मोजपट्टी इतर पात्रांना लावायची. डीझ वेगवेगळ्या ठिकाणी कसा काढला आहे ते सलग पाहा: कुठे तो देखणा, अंगभर गोंदलेला, जवळजवळ चित्रपटातल्या नायकासारखा येतो आणि कुठे त्याच्या चेहऱ्यावरच्या रेघा एकाएकी दाट आणि खरखरीत होतात. त्या वेळी शब्दांत कॅरेन त्याची बाजूच घेत असते. तिचे पेन आणि तिचे वाक्य यांची जिथे फारकत होते, तिथे पेनावर विश्वास ठेवावा.

आंकाच्या बाबतीतही असेच काहीसे आहे. तिची बर्लिनची हकिगत कॅरेन ध्वनिफितींवरून ऐकते, म्हणजे ते सगळे प्रसंग तिने पाहिलेले नाहीत. ऐकीव शब्दांवरून एक मूल एका स्त्रीचे उद्ध्वस्त बालपण काढत आहे, आणि त्यातले किती तिला कळले आहे हे आपण चित्रांवरूनच ताडायचे आहे. त्या फितींमध्ये लहान मुलींच्या शोषणाचे आणि छळछावणीचे प्रसंग आहेत, तेव्हा पुन्हा वाचायला घेणाऱ्यांनी आणि विशेषतः कोणाला वाचायला देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. वहीचे रूप आणि दहा वर्षांची नायिका पाहून हे मुलांचे पुस्तक आहे असा समज सहज होऊ शकतो.

शंकासुर

पेनावर विश्वास ठेवावा हे पटले, आणि या नजरेने भावाची पाने पुन्हा पाहायला हवीत. माझा आक्षेप तरीही कायम आहे: वाचकाला दोन खंड उलटसुलट चाळून मोजपट्टी तयार करावी लागत असेल, तर ते वाचकाकडून फार मोठे काम करून घेणे झाले. काहींना त्यात आनंद मिळतो. माझ्यासारख्याला उकल थोडी अधिक स्पष्ट हवी होती.

रहस्यवेडा, पुन्हा वाचणार असाल तर एक सुचवतो. पहिल्या खंडाची पाने क्रमांकित नाहीत, त्यामुळे आंका, सॅम आणि डीझ एकत्र किंवा पाठोपाठ येतात त्या जागी कागदाच्या पट्ट्या घालून ठेवा आणि दुसरा खंड लगेच सुरू करा. मधे खंड न पडता वाचल्यावर उकल कितपत पटते ते इथेच लिहा, म्हणजे माझी तक्रार पुस्तकाबद्दल आहे की सात वर्षांच्या प्रतीक्षेबद्दल, हेही ठरवता येईल.